प्रस्तावना : काम सांगणारे पत्र

गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद मागून घेणारे थोडेच. बहुतेकांकडे ते चालत येते. समिती बिनविरोध निवडली जाते, पहिल्याच सभेत कोणीतरी नाव सुचवते, आणि आठवडाभरात कपाटाची किल्ली, संस्थेचा शिक्का, इतिवृत्ताची वही आणि जुन्या फायलींचा गठ्ठा घरी येऊन पडतो. गच्ची मागच्या पावसात गळलेली असते, लिफ्टचा वार्षिक करार संपत आलेला असतो, वॉचमनची एजन्सी बदलायची असते. मग एकमताने ठरते की सेक्रेटरींनी तेवढी पत्रे टाकावीत. ती पत्रे टाकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे.

विषय दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. औपचारिक पत्र आपण शाळेत शिकलो ते परीक्षेतल्या एका प्रश्नापुरते: दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. ही चौकट वाईट नाही, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चौकटीच्या आत काय भरायचे याचे शिक्षण कोणी दिले नाही, आणि सेवा मागवणाऱ्या पत्राची खरी अडचण तिथेच आहे. तक्रारपत्रात घडून गेलेले सांगायचे असते. नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी सांगायचे असते. सेवा मागवताना मात्र अजून न झालेल्या कामाचे वर्णन करावे लागते, तेही ज्याने आपली इमारत पाहिलेली नाही अशा माणसासाठी. कोणते काम, कुठे, किती, कोणत्या मालाने, केव्हापर्यंत, कोणाच्या जबाबदारीवर, हे सारे आधी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. ठरवण्यासाठी पाहावे लागते. म्हणून या पत्राची सुरुवात गच्चीवर होते, टेबल नंतर येते. पुढची सगळी प्रकरणे याच एका म्हणण्याचा विस्तार आहेत.

गच्चीचेच उदाहरण घेऊ. नेहमी जाणारे पत्र साधारण असे असते: 'आमच्या इमारतीत गळती होत असून रहिवाशांची गैरसोय होत आहे. तरी कृपया आपले दरपत्रक लवकरात लवकर पाठवावे, ही विनंती.' यात व्याकरणाची चूक नाही, नम्रता आहे, खाली सहीशिक्काही असतो. पण हे पत्र तीन कंत्राटदारांना गेले की तीन वेगवेगळी कामे परत येतात. एक जण भेगा बुजवून वरून केमिकल कोटिंग मारण्याचा दर देतो. दुसरा जुना ब्रिकबॅट कोबा फोडून नवा घालण्याचा देतो. तिसरा गच्चीवर पत्र्याची शेडच सुचवतो. समिती तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडते आणि सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवते. दर तोलून पाहिले असे सगळ्यांना वाटते, प्रत्यक्षात तुलनेला एक समान काम कधी नव्हतेच.

आता दुसरे पत्र पाहा. 'ए विंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूमला लागून पूर्वेकडे, सुमारे 40 फूट लांब व 12 फूट रुंद भागात कोब्याला भेगा पडल्या आहेत. पॅरापेटच्या पायथ्याचा वाटा तीन ठिकाणी सुटला आहे. कोपऱ्यातला पावसाच्या पाण्याचा पाइप तुंबतो. खालच्या 702 व 703 या सदनिकांच्या छताला मागील जुलैपासून ओल आहे. या भागाचे वॉटरप्रूफिंग यापूर्वी 2014 साली झाले होते. आपण 10 एप्रिलपूर्वी जागेची पाहणी करावी. कोबा फोडणे, राडारोडा उचलणे, नवा कोबा व वाटा, पाइप बदलणे आणि पाणी साठवून चाचणी, या प्रत्येक कामाचा दर स्वतंत्र द्यावा व जीएसटी वेगळा दाखवावा. काम 25 मेपर्यंत पूर्ण व्हायला हवे. हमीची मुदत किती, तिच्यात काय येते आणि काय येत नाही, हे लिहून द्यावे.'

या पत्राची भाषा पहिल्यापेक्षा साधीच आहे. फरक इतकाच की हे लिहिण्याआधी कोणीतरी टेप घेऊन वर गेले, पाइपात हात घालून पाहिला, 702 मधल्या मावशींना ओल नेमकी कधी दिसली ते विचारले, आणि जुन्या फायलीतून 2014 चे बिल शोधून काढले. ज्याला हे पत्र मिळेल त्याला उलट फोन करून काही विचारावे लागत नाही. तो थेट पाहणीला येतो. शिवाय असे पत्र मार्चमध्येच जाते, कारण पाहणी केलेल्या माणसाला कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज आलेला असतो. मेच्या अखेरीस 'लवकरात लवकर' लिहून पाठवलेल्या पत्राला मुंबईत चांगला कारागीर मिळत नाही. तो तेव्हा मार्चमध्ये पत्र पाठवणाऱ्यांच्या गच्च्यांवर असतो.

कायद्याच्या अंगानेही हेच दिसते. भारतीय करार अधिनियम 1872 सालचा आहे. त्याच्या चष्म्यातून पाहिले तर आपले दरपत्रक मागवणारे पत्र म्हणजे प्रस्ताव मांडण्याचे निमंत्रण, कंत्राटदाराचे कोटेशन म्हणजे प्रस्ताव, आणि समितीची वर्क ऑर्डर म्हणजे स्वीकृती. करार जुळतो तो शेवटच्या पायरीवर. पण करारात कोणते काम आहे हे बहुधा पहिल्याच पत्रात ठरून गेलेले असते, कारण कोटेशन त्या पत्राला उत्तर म्हणून येते आणि वर्क ऑर्डर कोटेशनचा हवाला देते. याच अधिनियमाचे कलम 29 सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करता येण्यासारखाही नाही, तो शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखाच. दाखल्यादाखल तिथे शंभर टन तेल विकण्याचा करार दिला आहे. कोणते तेल, हे सांगणारे काहीच नाही, म्हणून करार शून्य. 'संपूर्ण इमारतीचे रंगकाम करून देणे' असे लिहिणाऱ्या प्रत्येक सचिवाने ते शंभर टन तेल एकदा आठवावे. आतून की बाहेरून? जिन्याच्या भिंती, ग्रिल आणि पाइप त्यात येतात का? किती हात मारायचे? प्लास्टरची डागडुजी धरून की सोडून? मुंबईतल्या दिंडोशीच्या नगर दिवाणी व सत्र न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ कोणावर येऊ नये. पण जे तिथवर पोचतात त्यांच्या कागदपत्रांत असे पहिले पत्र शोधले जातेच.

मराठीला हे शास्त्र नवे नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर परंपरा पत्रलेखनाची मेस्तके सांगते. वडीलधाऱ्याला कसे लिहावे, बरोबरीच्याला कसे, हाताखालच्याला कसे, याचे ते नियम. शिवकाळात बाळाजी आवजींसारखे चिटणीस होते, पुढे पेशवाईत दफ्तराचा पसारा अफाट वाढला. मोडीतली ती पत्रे वाचणाऱ्याच्या मनात मायन्याची भरजरी भाषा आधी ठसते. पण त्या लेखनातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या फार जवळच्या आहेत. पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उमटवत, त्यामुळे मजकूर कुठे संपला हे पक्के होई आणि नंतर कोणाला खाली ओळ घुसडता येत नसे. दुसरी गोष्ट कलमांची. मागण्या कलमवार मांडलेल्या याद्या सरकारात जात आणि एकेका कलमावर निर्णय लिहिला जाई. मागणारा आणि देणारा दोघांचे बोलणे एकाच कागदावर, कलमाला कलम लागून. यापेक्षा चांगला नमुना आजच्या वार्षिक देखभाल करारालाही सापडणार नाही. माझे मत असे की आपण मायना जपला आणि कलमे सोडून दिली. नम्रतेचे शब्द अजून आपल्याला तोंडपाठ आहेत, पण कामाचे तुकडे पाडून क्रमाने लिहिण्याची सवय गेली.

1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात तिची जागा दिली. विषय, संदर्भ, महोदय ही मांडणी आपल्या पत्रांत रुळली ती कचेऱ्यांतल्या या मराठीतून. त्यातल्या 'संदर्भ' या ओळीला मी फार महत्त्व देतो. 'आपले दि. 4 मार्चचे पत्र', 'समितीच्या दि. 20 फेब्रुवारीच्या सभेतील ठराव क्र. 7': एवढ्याने वाचणाऱ्याला कळते की ही मागणी एका माणसाच्या मनात आलेली लहर नाही, तिच्यामागे संस्था आहे. सचिव सही करतो ती समितीच्या अधिकाराने. ठराव नसताना गेलेले पत्र उद्या समितीनेच नाकारले तर सही करणारा एकटा पडतो.

पुस्तकातली उदाहरणे दिंडोशीच्या आसपासची आहेत. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला, गोरेगाव आणि मालाडच्या सीमेवर, फिल्मसिटी आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांकडे चढत जाणारा हा भाग. म्हाडाच्या वसाहती, पुनर्वसनाच्या इमारती, उंच टॉवर, कार्यालये, सारे एकमेकांना खेटून. त्यातच नागरी निवारा. मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत यांच्या नेतृत्वाखाली नागरी निवारा परिषदेने 1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेतला आणि अतिरिक्त जमिनीवर सामान्य माणसाला परवडतील अशी घरे व्हावीत, ही मागणी लावून धरली. त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलन झाले, न्यायालयात लढावे लागले, आणि दिंडोशीत हजारो घरे उभी राहिली. घर मागणे ही फार मोठी मागणी, आणि तीही अमुक कायद्याखालची अमुक जमीन इतकी नेमकी करावी लागली. त्या घरांतल्या आजच्या सचिवाला पाण्याच्या टाक्या धुवून घेण्याचे पत्र लिहिताना याचे स्मरण झाले तर मला आनंदच वाटेल.

सीमेवर असण्याचा एक रोकडा परिणामही आहे. 'दिंडोशी' एवढ्या पत्त्याने काम भागत नाही. काही इमारतींचा पत्ता गोरेगाव पूर्व 400063, काहींचा मालाड पूर्व 400097. महापालिकेचा विभागही त्याप्रमाणे बदलतो. झाडाच्या फांद्या छाटण्याचा अर्ज चुकीच्या विभागाच्या उद्यान खात्यात गेला तर तिथला कारकून तो काही दिवसांनी परत करणार, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून मालमत्ता कराच्या बिलावर असलेला विभाग, नगर भूमापन क्रमांक आणि रस्त्याचे नाव या तीन गोष्टी लेटरहेडवरच छापून घ्याव्यात. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावरची इमारत आणि तिच्या मागच्या गल्लीतली त्याच नावाची दुसरी इमारत यांत नवख्या मुकादमाची सहज गफलत होते. झाडांच्या बाबतीत आणखी एक: 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तेव्हा 'धोकादायक झाड हटवावे' असे मोघम न लिहिता झाड कोणते, कुठे उभे आहे, कोणती फांदी कशावर झुकली आहे, हे लिहावे आणि फोटो जोडावा.

लिफ्टबद्दल थोडक्यात. राज्यात 1939 च्या कायद्याच्या जागी 2017 चा उद्वाहन, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम आला आहे. पत्रात परवाना क्रमांक, लिफ्टचा मेक, बसवल्याचे वर्ष, मजले आणि करार कॉम्प्रिहेन्सिव्ह हवा की नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, एवढे आले की निम्मे काम झाले. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागावा आणि कोणते औषध फवारणार ते लिहून घ्यावे. घरात लहान मुले, वृद्ध आणि मांजरे असतात.

पण सुरक्षारक्षक आणि गटारसफाई या दोन सेवांवर मला थांबायचे आहे, कारण इथे आपल्या पत्रातल्या एका ओळीचा भार तिसऱ्याच माणसाच्या अंगावर पडतो.

रक्षकांच्या एजन्सीला आपण विचारतो, 'दोन पॉइंटचे महिन्याचे किती?' एजन्सी एक आकडा सांगते. त्या आकड्यात माणसाला हातात किती मिळणार, बारा तासांची पाळी की आठ तासांची, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय भरणार का, साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस कोण, हे काही दिसत नाही. आपण विचारलेलेच नसते. आपल्या पत्राने 'सर्वांत कमी दर' एवढेच मागितले तर तो कमी दर कोणाच्या पगारातून निघतो हे उघड आहे. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी विनियमन कायद्याखालचा परवाना मागावा, आणि दराचे तुकडे मागावेत: मूळ वेतन, भत्ते, निधी, एजन्सीचा आकार, कर. असे पत्र लिहिणारी संस्था थोडे जास्त पैसे देते. तिच्या गेटवर रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस मात्र मिळतो.

गटाराचे चेंबर आणि सेप्टिक टँक यांची गोष्ट याहून गंभीर आहे. 2013 च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई सरकारी यंत्रणांपुरती नाही, काम लावणाऱ्या कोणालाही ती लागू आहे, गृहनिर्माण संस्थेलाही. गटारात मृत्यू आला तर वारसांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले होते, ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. रक्कम कितीही असो, गेलेला माणूस परत येत नाही. चेंबर तुंबले की आपण घाईत लिहितो, 'तातडीने माणूस पाठवावा.' हे वाक्य कोणीही, कधीही लिहू नये. लिहावे ते असे: 'काम जेटिंग व सक्शन मशीननेच करावे. कोणत्याही कामगाराने चेंबरमध्ये किंवा टाकीत उतरू नये. मशीन उपलब्ध नसल्यास काम सुरू करू नये व संस्थेला कळवावे.' या तीन वाक्यांना जागा लागत नाही, इंग्रजी लागत नाही, वकील लागत नाही. मुकादमाने कोणाला खाली उतरवायला काढले तर त्याला अडवणाऱ्या रहिवाशाच्या हातात दाखवायला कागद असतो. या पुस्तकातले एकच पान कोणी फाडून संस्थेच्या फलकावर लावणार असेल तर त्याने ते हे पान लावावे.

सरकारी आणि महापालिकेच्या सेवांसाठी 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याखाली नागरिकाचा हक्क आहे, आणि अर्जाची पोच हा त्या हक्काचा आरंभ. 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हे ठाऊक असलेल्या माणसाच्या पत्रात आर्जव कमी आणि तारखा जास्त असतात. कर्मचाऱ्यालाही ते सोयीचे जाते. वरिष्ठांपुढे ठेवायला त्याच्याकडे भरलेला, जोडपत्रांसह पूर्ण कागद असतो.

पत्र गेले याचा पुरावाही पत्राइतकाच जपावा लागतो. हातोहात दिले तर स्थळप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. टपालाने पाठवले तर पावती फायलीत लावावी. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले, त्याची नोंद जुन्या सचिवांनी घ्यावी. ईमेल चालतो, पण तो संस्थेच्या खात्यावरून जावा. सचिवाच्या खासगी खात्यातली पत्रे समिती बदलली की त्याच्याबरोबर निघून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी दोन ओळींच्या पत्राने पक्क्या कराव्यात. आणि जावक रजिस्टर ठेवावे. गच्चीच्या उदाहरणात 2014 चे बिल सापडले ते त्या वेळच्या कोणीतरी फाइल नीट लावली म्हणून. तो माणूस कदाचित इमारत सोडूनही गेला असेल.

भाषेविषयी विचारणा होते ती मराठी की इंग्रजी, अशी. महापालिकेला आणि सरकारी कचेऱ्यांना मराठीत लिहावे, तिथे तीच कामाची भाषा आहे. कंपन्यांना ज्या भाषेत त्यांचा पर्यवेक्षक वाचतो त्या भाषेत लिहावे. मराठीत लिहिताना कोबा, वाटा, मेंब्रेन, जेटिंग हे शब्द कारागिराच्या तोंडी आहेत तसेच ठेवावेत. आदरासाठी 'महोदय' आणि 'विनंती' पुरेसे आहेत. धमकीची भाषा पहिल्या पत्रात नको, दुसऱ्यातही नको. स्मरणपत्रात फक्त आधीच्या पत्राचा क्रमांक, उलटलेली मुदत आणि नवी तारीख लिहावी. ज्यांचे दर स्वीकारले नाहीत त्यांनाही दोन ओळींचे आभारपत्र जायला हवे. ते गाडीभाडे खर्चून पाहणीला आले होते, आणि पुढच्या वर्षी त्यांचीच गरज पडू शकते.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी कपाटातली लिफ्टची फाइल काढावी. सध्याचा करार ज्या पत्रामुळे झाला ते पत्र तिच्यात आहे का, ते पाहावे. असेल तर ते लिफ्ट कंपनीच्या पर्यवेक्षकाच्या नजरेने वाचावे, आणि जिथे जिथे त्याला फोन करून काही विचारावे लागले असते तिथे पेन्सिलने खूण करावी. पत्र सापडलेच नाही, तर लिफ्टच्या मशीन रूमची किल्ली कोणाकडे आहे ते आजच विचारून घ्यावे.